एक्सप्रेसवेवर गाडी आत कशी घ्यायची: रॅम्पपासून मधल्या लेनपर्यंत, एकेक टप्पा

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर शेडुंग असो, कुसगाव असो, नाहीतर पुण्याच्या बायपासवर वारज्याचा सर्व्हिस रोड, सीन एकच दिसतो. गाडी रॅम्पवरून, म्हणजे हायवेला जोडणाऱ्या छोट्या रस्त्यावरून, रमतगमत येते, टोकाला पोचल्यावर कचकन ब्रेक लागतो, मग ड्रायव्हर मान वळवून उजवीकडे बघायला लागतो, मागचे हॉर्न मारतात, आणि त्या हॉर्नच्या घाईत तो पंचवीस-तीसच्या स्पीडने ऐंशीने येणाऱ्या ट्रकसमोर घुसतो. वर शिव्या ट्रकवाल्यालाच.

यातली प्रत्येक गोष्ट करायचीच असते, फक्त उलट्या क्रमाने. बघायचं सगळ्यात आधी, स्पीड त्यानंतर, आत शिरायचं सगळ्यात शेवटी, आणि टोकाला थांबायची वेळ शक्यतो येऊच द्यायची नाही.

आधी हा हिशोब डोक्यात बसवा

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला १०० ची लिमिट आहे. समजा मागची गाडी १०० ने येतेय आणि तुम्ही ४० ने आत शिरलात. फरक ६० चा, म्हणजे ती गाडी दर सेकंदाला १६-१७ मीटर तुमच्याजवळ येतेय. १०० मीटर मागे असेल तर ६ सेकंदात तुमच्या डिकीत. तेच तुम्ही ८० ने शिरलात तर फरक फक्त २० चा, आणि त्याच १०० मीटरसाठी तिला १८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही स्पीड वाढवून मोकळे झालेले असता.

म्हणून 'मी हळू जातो म्हणजे सेफ जातो' हे गावातल्या रस्त्यावर ठीक आहे, हायवेच्या तोंडाशी नाही. समृद्धीवर तर कारला १२० ची लिमिट आहे, तिथे हा फरक अजून वाढतो, आणि रस्ता रिकामा दिसतो म्हणून लोक अजूनच निवांत शिरतात.

टप्पा १: गाडी चालू करायच्या आधी

उजवा आरसा नीट लावा. बहुतेकांच्या आरशात निम्मी आपलीच गाडी दिसत असते, आणि आपल्या गाडीचा दरवाजा बघून काय करणार? आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर काढा, म्हणजे शेजारच्या लेनचा जास्त भाग दिसतो. बाहेरचे आरसे बऱ्याचदा फुगीर काचेचे असतात, त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते. आतला आरसा सपाट असतो, त्यामुळे खरं अंतर त्यात कळतं. दोन्हीत बघून अंदाज घ्यायची सवय लावा.

आता मागची उजवी खिडकी. तिथे उन्हाचा काळा पडदा लावलेला असतो, उश्या रचलेल्या असतात, हँगरला शर्ट लटकत असतो. मर्ज करताना, म्हणजे मेन रोडच्या गाड्यांत शिरताना, खांद्यावरून मागे बघायची जी एकमेव जागा आहे ती आपणच बंद करून ठेवतो. रॅम्पवर चढायच्या आधी तो पडदा काढा. मागे बसलेल्यांना सांगून ठेवा की दोन मिनिटं पुढे वाकू नका आणि 'दादा पुढे हॉटेल लागतं का' असले प्रश्न आत शिरल्यावर विचारा.

गाडी फुल भरलेली असेल, सीएनजीवर असेल, एसी चालू असेल तर पिकअप कमी मिळणार हे धरूनच चाला. छोट्या इंजिनाच्या गाडीत मर्जपुरता एसी बंद केला तरी फरक जाणवतो.

चेक: आरसे लावले, उजवी मागची खिडकी मोकळी, मॅपवरचं पुढचं वळण बघून झालं, फोन खाली. रॅम्पवर चढल्यावर यातलं काहीच करायला वेळ मिळत नाही.

टप्पा २: रॅम्पचं वळण

वळणावर स्पीड मारायची नाही. लूप रॅम्प, म्हणजे गोल फिरून येणारा, बराच आवळ असतो, तिथे बोर्डवर जो आकडा असेल तो पाळा, पावसात त्याहून कमी. स्पीड पकडायची जागा वळण संपल्यावर येते.

या वळणावर दोन कामं असतात. पहिलं, पुढच्या गाडीपासून चांगलं तीन-चार सेकंदांचं अंतर सोडा. लोक हे अंतर सोडत नाहीत आणि मर्जच्या जागी बरीच ठोकाठोकी अशीच होते, ट्रकशी नाही, पुढच्या कारशी. तुम्ही उजवीकडे ट्रक बघत असता, पुढचा घाबरून ब्रेक मारतो, आणि तुम्ही त्याच्या डिकीत. शिवाय अंतर सोडलं की तुम्हाला स्पीड घ्यायला स्वतःची मोकळी जागा मिळते, पुढचा कितीही रेंगाळला तरी.

दुसरं, मेन रोडवर नजर टाकायला इथूनच सुरुवात करा. जिथे रॅम्प मेन रोडला तिरका येतो तिथे आरशात हायवे दिसतच नाही, झाडं किंवा कठडा दिसतो. आरसा तुमची गाडी मेन रोडला समांतर झाल्यावर कामाला येतो, तोवर मान वळवून खिडकीतूनच बघावं लागतं. एकदम टक लावून नाही: अर्धा सेकंद उजवीकडे, परत समोर, परत उजवीकडे.

सावधान: समोर बघणं यासाठीही लागतं की आपल्याकडे रॅम्पवर आणि सर्व्हिस रोडवर रॉंग साइडने येणारा कोणी ना कोणी भेटतोच.

टप्पा ३: गॅप निवडा (गाडी नाही, गॅप)

लोक ट्रक बघतात, त्याला घाबरतात आणि नजर त्या ट्रकवरच अडकते. तुम्ही दोन गाड्यांमधली मोकळी जागा शोधायची. फिरत्या दोरीत उडी मारायला शिरणारी पोरं बघा, ती आधी लय पकडतात आणि मग शिरतात, इथे तसंच आहे.

किती जागा पुरे? ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तुमच्या पुढे दोन सेकंद आणि मागे दोन सेकंद असं धरलं तर चार सेकंदांची, म्हणजे साधारण ९० मीटरची जागा. मीटर मोजत बसायचे नाहीत. एक खांब पकडा, पहिली गाडी तिथून गेली की एक हजार एक, एक हजार दोन असं मोजा, दुसरी गाडी त्याच खांबापाशी येईपर्यंत चार झाले तर जागा मस्त आहे. गर्दीत तीनवर भागवावं लागतं, मग आत आल्याआल्या पुढचं अंतर वाढवायचं. दोनच्या खाली असेल तर ती गॅप तुमची नाही, पुढची बघा. आधी हे शेजारी बसून मोजायची प्रॅक्टिस करा, दुसरा कोणीतरी चालवत असताना. आठवडाभरात नजर बसते.

आता आपल्याकडची खास अडचण. आपण डावीकडून आत शिरतो आणि डावी लेन अवजड वाहनांची, म्हणजे तुम्ही थेट कंटेनर-ट्रेलरच्या रांगेतच जाताय. ट्रक ड्रायव्हर बसतो उजवीकडे, त्याला सगळ्यात कमी दिसतं ते त्याच्या डाव्या दरवाजाखाली आणि केबिनच्या डाव्या कोपऱ्यात. तुम्ही नेमके तिथेच असता! तुम्हाला एवढा मोठा ट्रक दिसतोय म्हणजे त्यालाही आपण दिसत असू, हे गृहीत धरू नका. ट्रकच्या बाजूने समांतर चालत राहायचं नाही, एकतर त्याच्या बऱ्याच पुढे व्हा नाहीतर तो जाऊ दे आणि मागून शिरा. शंका असेल तर मागूनच. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

चेक: कुठल्या दोन गाड्यांच्या मधे शिरणार हे मनात पक्कं झालं का? 'बघू पुढे काय होतं' हे उत्तर असेल तर अजून गॅप निवडलेली नाही.

टप्पा ४: स्पीड पकडा, आणि लेन पूर्ण वापरा

वळण संपून रस्ता सरळ झाला, म्हणजे मेन रोडला लागून स्पीड घ्यायला दिलेली लेन सुरू झाली, की आता दाबा. मॅन्युअल गाडीत चाळीसला चौथा-पाचवा टाकून अॅक्सिलरेटर दाबत बसलात तर गाडी नुसती हुंकार देते. तिसऱ्यातच राहा, इंजिनचा आवाज वाढला तरी घाबरू नका, साठ-सत्तरच्या पुढे चौथा टाका. ऑटोमॅटिक असेल तर पेडल जोरात आणि एका दमात दाबा म्हणजे गिअर आपोआप खाली येतो.

४० वरून ८० वर जायला १० सेकंद लागले तर तेवढ्यात गाडी १६५ मीटरच्या आसपास पुढे जाते. म्हणजे निम्मी लेन तुम्ही विचार करण्यात घालवलीत तर उरलेल्यात हे बसणार नाही. लेन सुरू झाली की लगेच सुरुवात करायची, आणि लेन दिलीय तेवढी पूर्ण वापरायची. बरेच जण रेषा तुटक झाल्याझाल्या उजवीकडे घुसतात, तेव्हा स्पीड असते पन्नास. काही महाभाग तर तिरक्या पांढऱ्या पट्ट्यांच्या त्रिकोणावरूनच गाडी घालतात. तो त्रिकोण चालवायची जागा नाही, तिथून शिरलेली गाडी मागच्याला अचानक उगवल्यासारखी दिसते.

स्पीड कुठली पकडायची? बोर्डवरची नाही, ज्या लेनमध्ये शिरताय तिथल्या गाड्यांची. डाव्या लेनमध्ये ट्रक सत्तरने चाललेत तर तुम्हीही सत्तर. घाटात तर ट्रक चढावर तीस-चाळीसने चढत असतात आणि कारला लिमिटच ६० ची आहे, तिथे ८० पकडून शिरलात तर समोरच्या ट्रकला ठोकाल. खंडाळ्याच्या पट्ट्यात जुन्या हायवेची वाहतूक एक्सप्रेसवेला येऊन मिळते, तिथे वेगवेगळ्या स्पीडच्या गाड्या एकत्र येतात, म्हणून आधी प्रवाह बघा.

टप्पा ५: इंडिकेटर, आरसा, खांदा, आत

उजवा इंडिकेटर लेनच्या सुरुवातीलाच द्या, शिरताना नाही. तो मागच्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून असतो. दिला म्हणजे हक्क मिळाला असं नाही, मेन रोडवरच्या गाडीचा हक्क पहिला, जागा करून दिलीच तर तो त्याचा चांगुलपणा.

मग आतला आरसा, उजवा आरसा, आणि शेवटी उजव्या खांद्यावरून एक झटपट नजर. ही नजर लोक टाळतात कारण 'आरशात काही नव्हतं'. आरशात नव्हतं तेच तर बघायचंय, बायपासवर तर तिथे हमखास बाईक असते.

स्टिअरिंग हळू. चाक वळवायचं नाही, नुसतं झुकवायचं, तीन-चार सेकंदांत गाडी सरकत लेनमध्ये यायला पाहिजे. आणि सरकताना पाय ब्रेकवर नको. गॅप तुमच्या स्पीडला धरून निवडलीय, आता ब्रेक मारलात तर ती गॅप मागच्याच्या बंपरने भरेल.

सावधान: मागच्याने डिपर मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब' असाच घ्या. इंग्लंडमध्ये वगैरे चालवून आलेल्या लोकांची इथे गडबड होते, तिकडे बरेच जण 'या पुढे' म्हणून लाइट मारतात.

टप्पा ६: आत आल्यावरचे दहा सेकंद

इंडिकेटर बंद झाला का बघा, हळू वळवल्यामुळे तो बरेचदा आपोआप पडत नाही. पुढचं अंतर वाढवा. आणि डाव्याच लेनमध्ये थोडं थांबा. डावीकडून शिरून एका झोक्यात तिसऱ्या लेनमध्ये जाणारे लोक एकाच वेळी तीन लेनच्या लोकांना ब्रेक मारायला लावतात. एका लेनमध्ये स्थिर, मग परत इंडिकेटर, आरसा, खांदा, मग मधली लेन. उजवी लेन ओव्हरटेकसाठी, तिथे मुक्काम करायचा नाही. एक्सप्रेसवेवर लेन मोडल्याचं चलन आता कॅमेऱ्यावरून घरी येतं.

गॅप मिळालीच नाही तर

हे आधी कळलं पाहिजे, शेवटच्या वीस मीटरवर नाही. लेन अर्धी संपली आणि जागा दिसत नाहीये तर तिथेच स्पीड थोडी कमी करा, एक-दोन गाड्या जाऊ द्या, पुढे अर्धी लेन उरलेली असते ती परत स्पीड घ्यायला वापरा. अगदीच थांबायची वेळ आली तरी या स्पीड घ्यायच्या लेनच्या निम्म्यावरच, चारही इंडिकेटर लावून, मागच्याकडे लक्ष ठेवून थांबा. टोकाला जाऊन थांबलात तर शून्यावरून शिरावं लागतं, आणि शून्यावरून शिरायला लागणारी गॅप गर्दीच्या वेळी येत नाही.

लेन संपली आणि गाडी वेगात आहे, आत जागा नाही? मग शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, मोकळा असेल तर सरळ त्यावर जा आणि सावकाश थांबा, ट्रकच्या बाजूला घासण्यापेक्षा ते बरं. पण मोकळा असेल तरच, आपल्याकडे शोल्डरवर पंक्चर काढणारा ट्रक उभा असायची शक्यता कायम असते, रात्री तर टेललाइटसुद्धा नसतात.

आणि काही झालं तरी रिव्हर्स नाही. पाच मीटरसुद्धा नाही.

जिथे स्पीड घ्यायला लेनच नाही

बायपासवर आणि जुन्या हायवेंवर सर्व्हिस रोडमधून डिव्हायडर फोडून दिलेला नुसता कट असतो. तिथे वरचा क्रम बदलतो. स्पीड घ्यायची असेल तर ती सर्व्हिस रोडवरच घ्या, म्हणजे कटच्या बरंच मागून मेन रोड बघत या आणि चालत्या गाडीने शिरा. सर्व्हिस रोडवर रिक्षा, पाणीपुरीची गाडी, माणसं असतील तर ते शक्य नाही, मग कटपाशी पूर्ण थांबा आणि मोठ्या गॅपची वाट बघा. शून्यावरून ८० ला जायला १४-१५ सेकंद लागतात, त्यामुळे मागे लांबपर्यंत रस्ता रिकामा दिसला पाहिजे. वाट बघायला लागली तर लागू दे. मागचा हॉर्न मारतो म्हणून शिरायचं नाही, ठोकल्यावर तो थांबणार नाहीये.

नवले पुलाचा पट्टा वेगळा सांगावा लागतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुलाकडे लांब उतार आहे, लोडेड ट्रक त्या उताराने येतात, त्यातले काही न्यूट्रलमध्ये असतात आणि ब्रेक तापलेले असतात. तिथे मोठे अपघात झालेत. इतर ठिकाणी 'तो जरा ब्रेक मारेल' हे चालून जातं, इथे तो मारेल पण लागतीलच असं नाही. अशा उताराच्या तळाशी शिरताना ट्रकच्या पुढे शिरायचंच नाही, तो पूर्ण जाऊ द्या.

चांदणी चौकात २०२३ मध्ये नवा पूल झाल्यापासून रॅम्प भरपूर झालेत आणि चुकीच्या रॅम्पवर चढलेला माणूस शेवटच्या क्षणी पट्ट्यांच्या त्रिकोणावरून उडी मारतो. चुकलात तर चुकलात, पुढून वळून या.

टोलनाक्यानंतर आणि जाममध्ये

खालापूरला किंवा तळेगावला बूथ बरेच आणि पुढे लेन तीन. इथे कोणाचाच हक्क पहिला नसतो आणि सगळ्यांना वाटतं आपलाच आहे. फास्टॅग वाजला की एकदम पळ काढायचा नाही, आधी दोन्हीकडे बघा, कारण शेजारच्या बूथवरून बसही त्याच क्षणी सुटलेली असते. आपल्या बूथच्या सरळ रेषेत जी लेन पडते ती पकडा, अगदी डाव्या बूथवरून उजव्या लेनकडे तिरकं जायचं नाही.

जाम असेल, सगळं दहा-वीसने सरकत असेल, तर नियम साधा: एक इकडचा, एक तिकडचा. अशा वेळी लेनच्या टोकापर्यंत जाऊन शिरणं बरोबर आहे, त्याला घुसखोरी म्हणून शिव्या द्यायची गरज नाही. मागेच घुसलात तर अर्धी लेन रिकामी पडते आणि रांग उगाच लांबते. फक्त टोकाला एकच गाडी शिरली पाहिजे, तिच्या बंपरला चिकटून दुसरी नाही.

तुम्ही आधीच हायवेवर असाल तर

रॅम्पचा बोर्ड दिसला, डावीकडे गाडी स्पीड घेताना दिसली, आणि मधली लेन मोकळी आहे तर तिकडे सरका. मोकळी नसेल तर स्पीड स्थिर ठेवा. स्थिर हे महत्त्वाचं, कारण तो तुमची स्पीड धरून अंदाज बांधतोय. काही लोक जागा द्यायला एकदम ब्रेक मारतात, मागचा ट्रक त्यांच्यावर येतो. काही इंडिकेटर बघून मुद्दाम रेस देतात, आत येऊ द्यायचं नाही म्हणून. पाच मीटर वाचवून काय मिळतं देव जाणे.

शोल्डरवरून परत आत येताना

गाडी बंद पडली, टायर बदलला, आणि आता निघायचंय. याला लोक मर्ज समजतच नाहीत, इंडिकेटर देतात आणि थांबलेल्या जागेवरून थेट लेनमध्ये येतात, शून्याच्या स्पीडला. आधी पुढे बघा, शोल्डर किती लांब मोकळा आहे. मग चार इंडिकेटर बंद करून उजवा लावा, शोल्डरवरच सरळ चालवत साठ-सत्तर पकडा, आणि मग टप्पा पाचप्रमाणे आत. पुढे कोणी उभं असेल आणि पळायला जागा नसेल, तर मागे रस्ता पूर्ण रिकामा दिसेपर्यंत थांबा. तोवर बाकीची माणसं गाडीत नाही, शक्य असेल तिथे कठड्याच्या पलीकडे. गाडी निघायला तयार झाली की मगच त्यांना बोलवा आणि डाव्या दारानेच आत बसवा.